मानलेले आणि पडताळलेले



ज्या शाळेच्या व्हरांड्यात मी अनेकदा अंगठे धरून उभा राहिलो, त्याच शाळेने मला गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, याचा आनंद जितका आहे तितकाच संकोचही आहे. गुरुजी आम्हांला गणित आणि भूगोल शिकवीत. त्यांची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चुकलेल्या उत्तराला ते फारसे काही म्हणत नसत. फळ्यावर पुन्हा मांडून दाखवीत आणि पुढे जात. परंतु एखाद्याचे उत्तर बरोबर आले, की त्याला उभे करून विचारीत, "कशावरून?" बरोबर उत्तर देणाऱ्यालाच ही शिक्षा का, हे आम्हांला कधी कळले नाही. आमचा तेव्हाचा समज असा होता, की ज्याचे चुकले त्यालाच प्रश्न विचारायचा असतो. तो समजच चुकीचा होता, हे कळायला माझी निम्मी हयात गेली.

आजचा विषय त्या सवयीतूनच सुचला. आपण ज्या गोष्टी धरून चालतो, त्यांतल्या पडताळलेल्या किती आणि नुसत्या मानलेल्या किती, आणि मानलेल्या गोष्टी खोट्या निघाल्या तर त्याची किंमत कोण मोजतो, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

गृहीतकावाचून एक दिवसही निभत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. जिना उतरताना पुढची पायरी जागेवर आहे, असे आपण धरून चालतो. शेतकरी पेरतो, तेव्हा पाऊस येईल हे धरूनच पेरतो. भूमितीसारखे काटेकोर शास्त्रसुद्धा काही गोष्टी सिद्ध न करता स्वीकारून पुढे जाते. मात्र भूमिती आपली गृहीतके पहिल्याच पानावर उघडपणे लिहून ठेवते. आपण तसे करीत नाही. आपली गृहीतके घराच्या पायासारखी जमिनीखाली असतात. घरात राहणाऱ्याला भिंती दिसतात, छप्पर दिसते, पाया दिसत नाही. भिंतीला तडा गेला तरी तो आधी भिंतीलाच गिलावा करू लागतो.

एक साधे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. पुण्या-मुंबईला गेलो, की कोणीतरी कौतुकाने विचारतो, "मध्य प्रदेशातले असून तुमचे मराठी इतके चांगले कसे?" विचारणारा सज्जन असतो, हेतूही चांगला असतो. राज्याची सीमा हीच भाषेची सीमा, हे मात्र त्याने मनाशी धरलेले असते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती, त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख आहे तिथेच राहिला, हे त्याला ठाऊक नसते. सीमेच्या रेषा बदलल्या, जिल्हाही २०२३ साली छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. रामाकोन्याच्या घरांतली बोली कागदावरच्या या फेरबदलांची वाट पाहत थांबली नव्हती. हे गृहीतक निरुपद्रवी आहे. हसून सोडून द्यावे. सगळीच तशी नसतात.

खोटे गृहीतक टिकते कसे, हे समजून घेण्यासाठी एक छोटा प्रयोग करू. लंडनच्या विद्यापीठातील पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली तो प्रसिद्ध केला. मी तुम्हांला तीन आकडे देतो : २, ४, ६. हे आकडे एका नियमाने लिहिले आहेत. तुम्ही तीन-तीन आकडे सांगायचे. ते नियमात बसतात की नाही एवढेच मी सांगेन, आणि त्यावरून तुम्ही नियम ओळखायचा. बहुतेक जण सांगतात, ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. १००, १०२, १०४. हेही बसतात. मग ते खात्रीने म्हणतात, "दोन-दोनने वाढणारे आकडे." उत्तर चूक. नियम फक्त 'चढत्या क्रमाचे आकडे' एवढाच आहे. १, ७, ५० हेही चालले असते. पण १, ७, ५० हे कोणी विचारतच नाही. आपल्या मनातला नियम खोटा ठरेल असा प्रश्न विचारणे आपल्या स्वभावात नाही. तो खरा ठरेल असेच प्रश्न आपण विचारतो, आणि प्रत्येक होकारासरशी आपली खात्री वाढत जाते. वेसनच्या प्रयोगात शिकलेसवरलेले विद्यार्थी होते. गुरुजी बरोबर उत्तरालाच का अडवीत, हे हा प्रयोग वाचला तेव्हा मला उमगले.

आता घरातली गोष्ट सांगतो. मी सातवीत असताना माझे धाकटे काका गेले. भाद्रपदाचे दिवस होते, पाऊस लागून राहिला होता. ओसरीत जमिनीवर गोधडी टाकून ते झोपले होते. मध्यरात्रीनंतर पोटात दुखते म्हणून उठले. हातावर काहीतरी टोचल्यासारखे झाले होते. ढेकूण किंवा उंदीर असेल, असे त्यांनी धरले. तासाभराने पापण्या जड होऊ लागल्या, जीभ अडखळू लागली. मग कोणीतरी ओसरीच्या कोपऱ्यात मण्यार पाहिला. बंडी जुंपली गेली, आणि ती दवाखान्याकडे न जाता शेजारच्या गावी साप उतरवणाऱ्याकडे गेली. त्या माणसाने मनापासून मंत्र म्हटले, कडुलिंबाच्या डहाळीने झाडले. एक पैसाही घेतला नाही. घेतला तर विद्या जाते, अशी त्याची श्रद्धा होती. उजाडायच्या आत काकांचा श्वास थांबला.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही. तो लबाड नव्हता. लबाडी असती तर प्रश्न सोपा होता. लबाडी उघडकीस आणता येते. इथे देणारा आणि घेणारा दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांच्याही पायाखाली एकच खोटे गृहीतक होते. ते इतके पक्के का होते, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत. त्यांत विषारी सुमारे ६०, आणि माणसाच्या मृत्यूला मुख्यतः कारणीभूत होणाऱ्या चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. म्हणजे ज्याला साप चावला, त्याला तो बिनविषारी असण्याचा संभव मोठा. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. काही दंश कोरडे जातात. समजा, मांत्रिकाकडे शंभर माणसे आली आणि त्यांतल्या सत्तरांच्या अंगात विष मुळी गेलेच नव्हते. ही सत्तर माणसे मंत्राने बरी होतील, ताईत बांधून बरी होतील आणि काहीही न करता नुसती ओट्यावर बसून राहिली तरी बरी होतील. पण ओट्यावर कोणी बसून राहत नाही, म्हणून ती तुलना कधी होतच नाही. सत्तर माणसे गावोगाव सांगत फिरतात, की मी मेलो होतो, अमक्याने उठवले. जे गेले ते काही सांगायला येत नाहीत. त्यांच्या बाबतीत कारणे तयार असतात : आणायला उशीर झाला, वाटेत कोणी टोकले, घरात सुतक होते, काळच आला होता. रोगी वाचला तर मंत्र खरा आणि दगावला तर वेळ खोटी. मंत्राच्या विरुद्ध मोजता येईल असा निकालच उरत नाही. वेसनच्या आकड्यांतले १, ७, ५० इथे कधीच विचारले जात नाही.

मण्यारीच्या बाबतीत तर या गृहीतकाला तिच्या विषाचीच साथ मिळते. नागाचा दंश दुखतो, सुजतो; मण्यारीचा बहुधा दुखत नाही आणि खूणही धड दिसत नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांमधला निरोप तोडते. आधी पापण्या मिटतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. 'दुखत नाही म्हणजे विष नाही' हा साधा, शहाणा वाटणारा अंदाज तिथे प्राणघातक ठरतो. सर्पविषावर प्रतिविष आहे; घोड्याच्या रक्तरसापासून ते तयार होते आणि वरील चारही सापांवर चालते. ते शिरेतून लवकर जावे लागते, एवढेच.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांत गेली आणि निम्म्याच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ज्या राज्यांवर हा भार अधिक आहे, त्यांत आपला मध्य प्रदेश आहे. माझे काका कोणत्याच आकड्यात नसतील. त्यांच्या मृत्यूचे कारण कागदावर काय लागले असेल, कोण जाणे.

इथे कोणी म्हणेल, की हा अडाण्यांचा प्रश्न आहे, शिक्षण आले की संपेल. हेही एक गृहीतकच, आणि ते खोडून काढायला मी विंचवाची गोष्ट सांगणार आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७६ साली कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्यासमोर मरत होती. अंगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून मृत्यू. विंचवाच्या दंशाने माणूस दुखण्याने तळमळतो, मरत नाही, असे शहरांतल्या जाणत्यांचे मत. जे उपचार सांगितले जात, ते बहुतांशी ॲलर्जी किंवा विषाचा धक्का मानून. त्याप्रमाणे औषधे दिली जात आणि रुग्ण दगावत.

बावस्करांनी केले ते इतकेच, की रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून त्यांनी घडते ते टिपून ठेवले. नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले, केव्हा गरम झाले. त्या नोंदींतून दिसले, की विंचवाच्या विषाने शरीर स्वतःचीच उत्तेजक द्रव्ये बेसुमार रक्तात ओतते. रक्तवाहिन्या आवळतात आणि त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदय थकते. त्यांची ही निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे औषध तेव्हा बाजारात होते, पण रक्तदाबासाठी. ते त्यांनी विंचूदंशावर वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा दगावत असे. ते प्रमाण पुढे शेकडा दोन-तीनच्याही खाली आले. स्वस्त गोळी, तोंडाने घ्यायची. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मकथन शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर ते अवश्य आणावे, अशी माझी विनंती आहे.

गृहीतक खोटे ठरवायला महागडी यंत्रे लागली नाहीत. पुस्तकात लिहिले आहे आणि खाटेवर दिसते आहे, या दोहोंत विसंगती दिसल्यावर खाटेवरचे खरे मानण्याचे धैर्य लागले. ते वाटते तितके सोपे नाही. खाटेवर एक गरीब पोर असते आणि पुस्तकामागे मोठी विद्यापीठे असतात.

याच्या उलट घडले तर काय होते, याचा दाखला मुंबईच्या प्लेगमध्ये आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे ठाऊक नव्हते. म्हणून घाण, दमट जमीन, चिंध्या आणि माणसाचा स्पर्श यांतून तो पसरतो, असे सरकारने धरले. मग त्याप्रमाणे सगळे सुरू झाले. गटारांतून जंतुनाशक औषधे सोडली, भिंतींना चुना लावला, घरांतले कपडे-अंथरुणे जाळली, रेल्वे प्रवाशांना उतरवून तपासले. पुण्यात सोजीर घरात शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. एवढा जुलूम, एवढा रक्तपात, आणि ज्याच्याविरुद्ध तो चालला होता ते भिंतीत आणि चिंध्यांत मुख्यत्वे नव्हतेच. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले, की प्लेग एका उंदराकडून दुसऱ्याकडे पिसवा नेतात. सरकारने नेमलेल्या आयोगाने हे ऐकून बाजूला सारले. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगांनी पिसवांचा दोष निर्विवाद सिद्ध झाला, तेव्हा कुठे ते मान्य झाले. त्या साथींनी पुढच्या दोन-तीन दशकांत या देशातले १ कोटीहून अधिक बळी घेतले.

आणि यात गंमत अशी (गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही), की खेड्यापाड्यांतल्या लोकांना या आयोगापेक्षा अधिक कळत होते. घरात उंदीर पडू लागले, की ते गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पिसू हे कारण त्यांना माहीत नव्हते. उंदीर मेले की माणसे मरतात, एवढे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. रूढी म्हणजे खोटे आणि शास्त्र म्हणजे खरे अशी सोपी वाटणी मला म्हणूनच मान्य नाही. काकांच्या वेळी रूढीने घात केला. प्लेगच्या वेळी रूढी शहाणी ठरली. वाटणी करायची तर ती ज्याने डोळे उघडे ठेवले आणि ज्याने मिटले, अशीच करावी लागेल.

आपल्या संत्र्याच्या बागांतही हे दिसते. झाडाच्या बुंध्याशी पाणी जितके साठेल तितके झाड पोसते, ही समजूत किती जणांच्या वडिलांची होती! पाणी बुंध्याला लागून साल कुजते, डिंक गळू लागतो आणि झाड वाळते. म्हणून बुंध्याला मातीची भर देऊन बाहेरून दुसरे आळे करावे, पाणी दोन आळ्यांच्या मध्ये द्यावे, हे आता कृषी कार्यकर्ते सांगतात आणि अनेकांनी स्वीकारलेही आहे. खरे तर शेतकऱ्याला हे नवे नसावे. बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. म्हणजे पाणी नेहमीच हितकारक नसते, हे एका हाताने तो वापरीत होता आणि दुसऱ्या हाताने विसरत होता. माणसाच्या मनात परस्परविरोधी समजुती अशा शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. त्यांची गाठ कोणीतरी घालून द्यावी लागते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जांब नदीत जी गोटमार होते, तिच्याविषयी बाहेरचे लोक हवे ते लिहितात आणि आपण आपापसांत कमी बोलतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले, दगड परतले. मी त्यावर निवाडा देणार नाही. मला फक्त एक प्रश्न पडतो. नदीच्या दोन्ही काठांवर उभ्या असलेल्यांपैकी कितींना मनातून हे थांबावे असे वाटते, आणि 'बाकीच्यांना मात्र हवे आहे' असे धरून किती जण गप्प बसतात? हे कधी कोणी मोजले आहे का? समाजातली काही गृहीतके एकमेकांविषयीची असतात, आणि त्यांचा पडताळा घ्यायला तोंड उघडावे लागते.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याआधी चारच महिने, २० ऑगस्टला, त्या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यात मारले गेले होते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत लागू आहे. मण्यारीला ती सीमा माहीत नाही. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता जे करता येईल, ते या शाळेच्या हातात आहे. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती-आराखडा जाहीर केला. शाळेने एवढे करावे : आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असते, रात्री कोणाला फोन करावा, हे पावसाळ्याआधी विचारून फळ्यावर लिहावे आणि प्रत्येक मुलाकडून घरी पाठवावे. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, आवळून दोरी बांधू नये, हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट रुग्णालयात न्यावे. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये, बाजेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. याला पैसा फारसा लागत नाही.

आजी पुढे पुष्कळ वर्षे जगली. दर भाद्रपदात ती त्या रात्रीची गोष्ट सांगे, आणि ती नेहमी एकाच जागी येऊन थांबे. बंडीचा एक बैल ओढ्याच्या चिखलात बसला होता, त्याला उठवायला अर्धा तास गेला. तेवढे झाले नसते तर उतरवणाऱ्याच्या दारात वेळेवर पोचलो असतो आणि पोर वाचले असते, असे तिला वाटे. तो बैल तिने पुढच्याच बाजारात विकायला लावला. मी शिकलो, नागपूरला गेलो, मण्यारीचे विष कसे चालते हे वाचले, सुट्टीत घरी आलो. ती ओसरीत वाती वळत बसलेली असे आणि बैलाची गोष्ट पुन्हा सांगे. मी ऐकून घेत असे. तिला मी कधीही काही सांगितले नाही.